अँटीरोल बारला हात लावण्याआधी

इंग्लंडमधल्या कुठल्याही ऐतिहासिक रेसच्या पॅडॉकमध्ये सकाळी एक चक्कर मारा. नव्यानंच घेतलेल्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारपाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं असतं आणि शेजारी प्लास्टिकमधून नुकताच काढलेला, चकाकता, जाडजूड अँटीरोल बार पडलेला असतो. गाडी वळणात फार कलते, म्हणून आणलाय. बसवल्यावर कलणं कमी होतंही. आणि चार लॅप मारून आल्यावर तोच माणूस म्हणतो, "आता ही वळतच नाही."

एके काळी तो माणूस मी होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेल्या पोराला वाटतं, लोखंड जाड केलं की प्रश्न मिटला. आता बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी एका मित्राच्या १९६५ च्या एमजीबीखाली पडून काढल्यावर मत बदललंय. बार हा सगळ्यात शेवटी हात लावायचा भाग. त्याआधीची कामं कंटाळवाणी आहेत, पण स्वस्त आहेत आणि निम्म्याहून जास्त फरक तीच पाडतात. हा लेख त्या क्रमानं लिहिलाय.

शब्दाचा एक घोळ आधीच मिटवतो. अमेरिकन लोक ज्याला स्वे बार म्हणतात, तोच इंग्लंडात अँटीरोल बार. फोनवरून माल मागवताना नुसतं 'रोल बार' म्हणू नका. डोक्यामागे बसवायची सुरक्षेची जाड नळी घरपोच येईल.

नमुना म्हणून एमजीबीच घेतो. १९६२ ते १९८० ॲबिंग्डनला बनलेली ही गाडी, त्यामुळे सुटे भाग मुबलक आणि नवशिक्याच्या हाती सापडण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. पुढे विशबोन (चाकाला चेसिसशी जोडणारा, वर-खाली हलणारा हात) आणि कॉइल स्प्रिंग. वरचा विशबोन म्हणून वेगळा भागच नाही, लिव्हर आर्म शॉकॲब्सॉर्बरचा हातच ते काम करतो. मागे सलग ॲक्सल आणि पाटे. ॲम्बॅसिडरच्या मागच्या बाजूला ज्यानं हात काळे केलेत, त्याला हे नवीन नाही.

बार करतो तरी काय

बैलगाडीचं जू डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बैल बरोबरीनं चालले तर जू आहे हेसुद्धा जाणवत नाही. एक पुढे सरला की जू तिरकं होऊन दुसऱ्याला ओढतं. अँटीरोल बार डाव्या आणि उजव्या चाकाला असाच जोडतो. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर तो आपल्या रबरात नुसता फिरतो. एकच चाक वर गेलं की त्याला पीळ बसतो आणि तो दुसऱ्यालाही वर ओढू बघतो.

वळणात वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकणार हे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच, दोन चाकांमधलं अंतर किती आणि तुम्ही वळण किती जोरात घेता यावर ठरतं. बार जाड केल्यानं या एकूण आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. बार ठरवतो ती वाटणी: त्यातलं किती पुढच्या जोडीनं सोसायचं आणि किती मागच्या.

आता टायरचा स्वभाव. त्याच्यावर दुप्पट वजन टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे ज्या जोडीत वजनाची फेकाफेक जास्त, तिची एकूण पकड कमी. पुढचा बार कडक केला की पुढची चाकं आधी दमतात आणि गाडी सरळ जाऊ बघते, म्हणजे अंडरस्टिअर. मागचा कडक केला की शेपूट आधी सुटतं, म्हणजे ओव्हरस्टिअर. याला अपवाद आहेत, आणि जुन्या गाड्यांची खरी गंमत त्या अपवादांतच आहे. त्यांच्याकडे पुढे येतो.

एक आकडेमोड मात्र आत्ताच करून ठेवा. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. ५/८ इंचाच्या जागी ३/४ इंची बार टाकला तर तो दुपटीहून थोडा जास्त कडक. ७/८ इंची टाकला तर जवळजवळ चौपट. पाव इंचाचा फरक, हातात घेतल्यावर जाणवेल न जाणवेल इतका, आणि कडकपणा चौपट! माझ्या त्या चार लॅपचं कोडं इथेच सुटतं.

पहिली पायरी: नियम वाचा

हे लवकर उरकतं. गाडी एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स के नियमांखाली पळवायची असेल तर ती तिच्या काळातल्या रूपातच हवी. क्लब रेसमध्ये मोकळीक थोडी जास्त असते, पण प्रत्येक वर्गाचं पुस्तक वेगळं. मागचा बार, टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बर, बदललेले विशबोन यांतलं काय चालतं ते खरेदीच्या आधी बघा. गाडी तपासणीत अडकली की कडकपणाच्या गप्पांना काही अर्थ उरत नाही.

दुसरी पायरी: ढिलं काय आहे ते शोधा

इथे दोन दिवस गेले तरी चालतील. गाडी जॅकवर उचला आणि घोड्यांवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर, ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

पुढचं चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिन (ज्याभोवती पुढचं चाक वळतं तो खिळा) किंवा त्याच्या ट्रनियनचा, म्हणजे त्याला धरणाऱ्या सांध्याचा. एमजीबीच्या पुढच्या बेअरिंगला शिम (पातळ चकत्या) घालून ०.००२ ते ०.००४ इंच इतकी मोकळीक ठेवायची असते. 'हातानं ठीक वाटतंय' हे मोजमाप इथे चालत नाही, डायल गेज लावा. किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. तिन्हींतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. एखाद्यातून येत नसेल तर तो चोंदलाय, आणि आतला पितळी बुश (सांध्यातली नळी) कोरडा फिरतोय असं समजा. मारताना चाकांवर वजन नको, नाहीतर एका बाजूला ग्रीस जातच नाही.

मग खालच्या विशबोनचे आतले बुश. मूळचे साधे रबरी बुश तेलानं फुगतात आणि एका बाजूला दबतात. पहारीनं हलकेच दाब देऊन बघा, विशबोन पुढे-मागे सरकला तर ब्रेक मारताना चाकाची दिशा बदलत असणार. १९७३ ते १९७६ दरम्यान निघालेल्या एमजीबी जीटी व्ही८ मध्ये आत लोखंडी नळी असलेले बुश होते. ते साध्या एमजीबीतही बसतात आणि खूप जण तेच टाकतात. पॉलियुरेथेनही चालतं, पण ते कोरडं बसवलं तर जुन्या दारासारखं करकरतं.

नळीला रबर चिकटवलेल्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना कधीही पूर्ण आवळू नका. आधी चाकं जमिनीवर, मग शेवटचा ताण. हवेत आवळले तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो. तो पीळ मग लपलेल्या स्प्रिंगसारखा वागतो आणि काही महिन्यांत रबर फाटतं. मी एकदा हे विसरलो होतो. गाडी एका कोपऱ्यात बोटभर उंच बसली आणि आम्ही अख्खी दुपार स्प्रिंगला शिव्या देत होतो.

मागे पाट्यांच्या शॅकलचे बुश, पाटा आणि ॲक्सल यांच्यामधले रबर पॅड, आणि यू-बोल्ट. पाट्यांचं काम केलं असेल तर पहिल्याच फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, ते हमखास थोडे बसतात. पानांच्या मधे गंज धरला असेल तर पाटा मोकळा वाकत नाही, अडकतो, मग एकदम सुटतो. चालवणाऱ्याला वाटतं शॉकॲब्सॉर्बर गेला.

तिसरी पायरी: लिव्हर आर्म शॉकॲब्सॉर्बर

नवशिक्याला हा डबा बघून हसू येतं. ओतीव डबा, त्याला एक हात, आत पिस्टन आणि तेल. पण नीट भरलेला आणि गळती नसलेला डबा एका क्लब रेसपुरता उत्तम चालतो.

तपासायला खालची जोडणी सोडवा आणि हात पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत फिरवा. सबंध प्रवासात एकसारखा, मधात चमचा फिरवल्यासारखा विरोध लागला पाहिजे. सुरुवातीला हात सैल जाऊन मग विरोध लागला तर आत हवा आहे. तेल भरा आणि हवा निघेपर्यंत हात सावकाश वर-खाली करत राहा. साधारण २० वजनाचं शॉकॲब्सॉर्बरचं तेल लागतं. ब्रेकचं तेल चुकूनही घालू नका, सील खाऊन टाकेल. झाकण उघडण्याआधी भोवतालची माती पुसा. वाळूचा एक कण व्हॉल्व्हखाली अडकला तरी एक बाजू मऊ होते.

कडकपणा बदलायचा तर आतला व्हॉल्व्ह बदलावा लागतो, आधुनिक शॉकॲब्सॉर्बरसारखी बाहेर खटखट फिरणारी चावी नाही. दाट तेल घालून काम भागवणारे आहेत. थोडंफार भागतं, पण तेल तापलं की सुधारणा विरघळते. पुढचे डबे क्रॉसमेंबरला चार-चार बोल्टनी धरलेले असतात. वरचा विशबोनच त्यांच्यावर लटकलाय हे ध्यानात ठेवून ते बोल्ट दर रेसला तपासा.

चौथी पायरी: उंची आणि बंपस्टॉप

गाडी खाली आणली की गुरुत्वमध्य खाली येतो, वजनाची फेकाफेक घटते. बरोबर. म्हणून सगळे आधी स्प्रिंगा कापतात किंवा बुटक्या टाकतात, आणि मागे पाटा आणि ॲक्सल यांच्यामधे ठोकळे. पण प्रवास कमी झाला की वळणात बंपस्टॉप, म्हणजे चाकाचा वरचा प्रवास अडवणारा रबरी ठोकळा, लवकर टेकतो. तो टेकल्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम आभाळाला भिडतो. पुढे टेकला तर गाडी अचानक ढकलायला लागते, म्हणजे न वळता सरळ जाते, मागे टेकला तर अचानक फिरते. चालवणारा बिचारा बारचा व्यास बदलत बसतो.

टेकतोय का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे बंपस्टॉपवर प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवायचा आणि पाच लॅप मारून यायचं. गोळा किती दबला ते मोजलं की किती जागा उरली ते कळतं. एकदा प्लॅस्टिसिन घरी राहिलं, तेव्हा डब्यातल्या पोळ्यांसोबत आणलेली उरलेली कणीक लावली होती. अंगठ्याच्या जाडीचा गोळा कागदासारखा चपटा होऊन आला आणि त्यावर रबराचे बारीक छेदसुद्धा उमटले होते. त्या दिवशी आम्ही बार न बदलता गाडी दहा मिलिमीटर वर घेतली. ढकलणं गेलं.

स्प्रिंगांचा कडकपणा इथे पौंड प्रति इंचमध्ये मोजतात. दुकानातला आकडा आणि चाकाला जाणवणारा आकडा एक नसतो. स्प्रिंग विशबोनच्या मधे कुठेतरी बसते, म्हणून चाक एक इंच वर गेलं तर स्प्रिंग त्याहून कमी दबते. समजा ती ०.६ इंच दबते. मग ४०० पौंडाची स्प्रिंग चाकाला ४०० गुणिले ०.६ चा वर्ग, म्हणजे १४४ पौंडाची वाटते. मित्राच्या गाडीत अमुक स्प्रिंग आहे म्हणून आपणही तीच घ्यायची, यात अर्थ तेव्हाच, जेव्हा दोघांची गाडी एकच असते.

कॉइल स्प्रिंग काढताना जपा. स्प्रिंग ज्यात बसते त्या पॅनखाली जॅक लावा, पॅनच्या काही बोल्टांच्या जागी लांब बोल्ट घाला आणि थोडंथोडं करत सोडवा. दबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.

पाचवी पायरी: चार कोपऱ्यांचं वजन

नवशिक्यांना हे काम फार मोठ्यांचं वाटतं. चार वजनकाटे क्लबमधून उसने मिळतात. खरं काम काट्यांखालची जमीन सपाट करण्याचं आहे. पाण्याची पातळी बघून ज्या काट्याखाली हवी तिथे फरशीचे तुकडे घाला.

टायरची हवा ठरलेली, टाकी रेसला असते तेवढी, चालकाच्या जागी चालकाचं वजन. आम्ही इंडियन स्टोअरमधल्या दहा किलोच्या तांदळाच्या आठ पिशव्या सीटवर ठेवतो. पुढे-मागे दोन्हीकडचे बार एका बाजूनं सोडून ठेवायचे, हे फार महत्त्वाचं. मग गाडी पुढे-मागे ढकलून, दाबून, बसू द्यायची.

एक उदाहरण. डावं पुढचं २६२ किलो, उजवं पुढचं २२८, डावं मागचं १९३, उजवं मागचं २५७. एकूण ९४०. आता तिरप्या जोड्या बघा: डावं पुढचं अधिक उजवं मागचं ५१९, म्हणजे ५५ टक्के. दुसरी जोडी ४२१. खुर्चीच्या एकाच पायाखाली पुठ्ठा घातल्यासारखी ही गाडी दोन पायांवर उभी आहे.

ही गाडी गुडवूडला न्या. ते सर्किट घड्याळाच्या दिशेनं धावतं, म्हणून बहुतेक वळणं उजवी. मॅजविकच्या लांब उजव्या वळणात बाहेरचं पुढचं आणि आतलं मागचं चाक म्हणजे नेमकी जड जोडी, त्यामुळे गाडी पुढून ढकलते. सेंट मेरीजच्या डाव्या वळणात उलट, मागून निसटते. चालवणारा परत येऊन म्हणतो, "कधी अंडरस्टिअर, कधी ओव्हरस्टिअर, काही कळत नाही." बार दोन्ही बाजूंना सारखा वागतो. एकीकडचं दुखणं त्यानं बरं होत नाही.

उपाय असा: हलक्या जोडीचा कोपरा वर घ्या किंवा जड जोडीचा खाली. पुढे स्प्रिंगखाली पॅकर, मागे ठोकळ्याची जाडी. सगळा बदल एकाच कोपऱ्यात करू नका, चारही कोपऱ्यांत थोडा थोडा वाटा, म्हणजे उंची बिघडत नाही. तिरपी जोडी ५० टक्क्यांच्या अर्ध्या टक्क्यात आली की काटे परत करा.

सहावी पायरी: दोरी आणि चाकांचे कोन

गाडीच्या दोन्ही बाजूंना, चार स्टँडवर ताणून दोन दोऱ्या बांधा, एकमेकींना समांतर आणि गाडीच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पोलादी पट्टीनं मोजा. हजारो रुपयांच्या लेझरइतकं अचूक काम या दोरीनं होतं, फक्त तिला पाय लागू देऊ नका.

रस्त्यावरच्या एमजीबीला पुस्तक १/१६ ते ३/३२ इंच टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित आत, सांगतं. रेससाठी बहुतेक जण चाकं समांतर किंवा किंचित टो-आउट ठेवतात, वळणात शिरताना गाडी चटकन ऐकते. मागचा ॲक्सल सलग आहे, तिथे टो बदलता येत नाही, पण ॲक्सल काटकोनात आहे का हे जरूर बघा. पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. एमजीबीचा व्हीलबेस ९१ इंच. दोन बाजूंत मोठा फरक आला तर कधीतरी गाडी ठोकली गेली आहे.

कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल, मोजायला गाडीची जमीन पक्की सपाट हवी. १४ इंची रिमवर एक अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत सुमारे ६ मिलिमीटरचा फरक. एमजीबीत कॅम्बर बदलायची सोयच दिलेली नाही, मूळची चाकं तर वरून किंचित बाहेर कललेली. वरच्या ट्रनियनसाठी मध्य सरकवलेले बुश मिळतात, ते हे काम करतात. वरून आत कललेला कॅम्बर किती हवा हे टायरवर अवलंबून. त्या काळातल्या घडणीच्या क्रॉसप्लाय टायरला थोडा पुरतो, रेडियलला जास्त लागतो. आकडा मित्राला विचारू नका, टायरला विचारा.

सातवी पायरी: टायरला विचारणं

टोकदार सुईचा थर्मामीटर घ्या. गाडी पिटमध्ये थांबल्या थांबल्या प्रत्येक टायरच्या आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी सुई रबरात तिरकी घुसवून तापमान लिहा. वळणात सगळ्यात जास्त काम करणाऱ्या पुढच्या बाहेरच्या टायरपासून सुरू करा, कारण तो सगळ्यात आधी थंड होतो. चालवणाऱ्यानं शेवटचा लॅप आरामात मारला असेल तर आकडे टाकून द्या.

मधला पट्टा दोन्ही कडांपेक्षा तापलेला: हवा जास्त. मधला थंड, कडा गरम: हवा कमी. आतली कड फार गरम: कॅम्बर जास्त. बाहेरची कड फार गरम: कॅम्बर कमी, किंवा गाडी इतकी कलतेय की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतोय. ही शेवटची नोंद जपून ठेवा, पुढच्या पायरीत तिचीच गरज आहे.

हवेचा दाब एकेक पीएसआयनं (पौंड प्रति चौरस इंच) बदला. एक पीएसआयनं गाडीत किती फरक पडतो हे पहिल्यांदा अनुभवलं की आपण नुकत्याच घेतलेल्या बारकडे जरा ओशाळून बघतो.

आठवी पायरी: आता बार

बसवताना दोन गोष्टी. बार चेसिसला ज्या रबरांत धरलाय, त्यांत तो हातानं फिरला पाहिजे, आणि आडवा सरकू नये म्हणून त्यावर रोखणारे कॉलर घट्ट हवेत. आडवा सरकणारा बार एका वळणात एक आणि दुसऱ्यात दुसराच वागतो.

दुसरी गोष्ट प्रीलोड, म्हणजे उभ्या गाडीतच बारला बसलेला पीळ. गाडी सपाट जमिनीवर, सीटवर तांदळाच्या पिशव्या. एका बाजूची लिंक (बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारा छोटा दांडा) जोडा. दुसऱ्या बाजूचा बोल्ट बोटांनी, हातोडी न मारता, भोकातून गेला पाहिजे. जात नसेल तर लिंकची लांबी बदला. हातोडीनं बसवला की बारला उभ्या गाडीतच पीळ बसला, आणि चार कोपऱ्यांच्या वजनावर घालवलेला दिवस पाण्यात गेला.

मग ट्रॅकवर जा. चालवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: गाडी नेमकी कुठे त्रास देते? शिरताना, मध्ये की बाहेर पडताना? शिरतानाच्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा ब्रेक, टो किंवा शॉकॲब्सॉर्बरमध्ये असतं. वळणाच्या मध्यात, पाय स्थिर असताना गाडी जे करते, तिथे बारचा हक्काचा प्रदेश. बाहेर पडताना ॲक्सिलेटर दाबल्यावर जे होतं त्यात मागचा ॲक्सल आणि बार दोघंही गुंतलेले.

आता अपवाद, गाडीनुसार.

एमजीबी. ही गाडी कलली की बाहेरचं पुढचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं. पुस्तकाप्रमाणे पुढचा बार जाड केला की अंडरस्टिअर वाढायला हवा. पण बाहेरची कड तापत असेल तर माफक जाड बारनं कलणं घटतं, टायर सपाट राहतो आणि पुढची पकड उलट वाढते. माफक हा शब्द महत्त्वाचा. एका मापानं वर जा, दोन मापांनी नको. मागचा बार मात्र टाळता आला तर टाळा. तो आतलं मागचं चाक हलकं करतो, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकाट फिरू न देणारी यंत्रणा) नसेल तर ते चाक जागच्या जागी फिरून धूर काढतं आणि गाडी पुढे जात नाही.

लोटस कॉर्टिना. जिम क्लार्कनं १९६४ ची ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकली त्या गाडीचे फोटो बघा, पुढचं आतलं चाक जमिनीपासून चक्क हातभर वर. बघणाऱ्याला वाटतं आता उलटणार. पुढची बाजू कडक ठेवून मागची दोन्ही चाकं जमिनीवर दाबून धरलीत, म्हणून ॲक्सिलेटर देता येतो. चाक एकदा हवेत गेलं की त्या बाजूचं सगळं वजन आधीच सरकलेलं असतं. मग पुढचा बार अजून जाड करून काही मिळत नाही.

मिनी. १९५९ ची, पुढच्या चाकांवर चालणारी, मोल्टनच्या रबरी कोनांवर बसलेली. इथे सगळं उलट. गाडी ओढणारी पुढचीच चाकं, म्हणून मागचा बार कडक करून आतलं मागचं चाक हवेत नेतात आणि गाडी वळायला लागते. मागचं चाक हवेत असलं तरी त्याला काम काहीच नाही.

ट्रायम्फ स्पिटफायर. इथे सावध राहा. मागे स्विंग ॲक्सल आणि आडवा पाटा, मद्रासला बनलेल्या आपल्या स्टँडर्ड हेराल्डचीच रचना. वळणात मध्येच ॲक्सिलेटर सोडला की मागची बाजू वर उचलली जाते, बाहेरचं चाक गाडीच्या पोटाखाली घडी होतं आणि गाडी फिरते. अशा गाडीला मागे कडकपणा वाढवणं म्हणजे आगीत तेल. ट्रायम्फनं स्वतः १९७० च्या मार्क फोरमध्ये पाट्याची बहुतेक पानं मधोमध डोलू दिली, म्हणजे कलण्याला विरोध मागे कमी झाला, आणि त्याची भरपाई पुढचा बार जाड करून केली. स्पिटफायरवाल्यानं हाच धडा गिरवावा.

बारचं बारीक जुळवणं व्यास न बदलताही होतं. बारच्या टोकाच्या हाताला दोन-तीन भोकं असतील तर लिंक आतल्या भोकात घेतली की हात आखूड होतो आणि बार कडक. कडकपणा लांबीच्या वर्गाच्या उलट चालतो. २०० मिलिमीटरचा हात १६० केला की बार दीडपटीहून जास्त कडक. वजनाची चिंता असेल तर पोकळ बार बघा. एक इंच व्यासाच्या भरीव बारऐवजी १/८ इंच भिंतीची नळी घेतली तर वजन निम्म्याहून खाली येतं आणि कडकपणा दोन तृतीयांशांहून थोडा जास्त उरतो. मधला गाभा पिळाचं काम फारसं करतच नाही.

एका वेळी एकच बदल. त्यानंतर पाच लॅप, मग वहीत नोंद: काय बदललं, टायरचे आकडे, हवेचं तापमान, चालवणारा काय म्हणाला, आणि घड्याळ काय म्हणालं. शेवटची दोन वेगळी निघतात, आणि दर वेळी घड्याळच बरोबर असतं असंही नाही. थकलेला चालक मऊ गाडीत शेवटचे दहा लॅप जास्त चांगले मारतो.

पाऊस आला तर

इंग्लंडात येणारच. ओल्या रस्त्यावर पकड कमी, म्हणून गाडी कलायलाही कमीच जोर मिळतो, आणि बार कडक ठेवण्याचं कारण उरत नाही. मागे बार असेल तर आधी त्याची एक लिंक सोडा. मग पुढच्या बारची लिंक बाहेरच्या भोकात. टायरची हवा कोरड्यापेक्षा किती बदलायची ते तुमच्या वहीतल्या मागच्या ओल्या दिवसाच्या पानावर बघा, टायरागणिक ते वेगळं असतं.

सोडलेली लिंक लोंबकळत ठेवू नका, ती चाकात किंवा ब्रेकच्या नळीत अडकते. तारेनं बारलाच घट्ट बांधा, टोक हातानं ओढून बघा आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून कुठे लागत नाही ना ते पाहा. काढलेला बोल्ट ओव्हरऑलच्या खिशात टाकू नका, डब्यात टाका. आमचा एक बोल्ट वॉशिंग मशीनमधून बाहेर आला होता, आणि तोवर ऊन पडलं होतं.